दोन सेकंदांची खडखड

"हात काढा, मास्तर," जुन्या गाड्या विकणारा यार्डवाला म्हणाला.

मी काढला नाही. माझा उजवा हात पिवळ्या गाडीच्या इंजिनावर होता आणि इंजिन गरम होतं. कोमट नव्हे, चांगलं गरम. सकाळचे अकरा वाजले होते, गाडी पत्र्याच्या सावलीत उभी होती, आणि हा माणूस पाच मिनिटांपूर्वी माझ्या मुलीला सांगत होता की गाडी कालपासून जागची हललेली नाही.

"हिला ताप आलाय का मग?" मी विचारलं.

यार्डवाला हसला. त्याचा पुतण्या हसला नाही. तो बॉनेटच्या दांड्याशी उभा होता. मान आणि खांदे यांत फरक दिसू नये असा पोरगा, तीसेक वर्षांचा. गाड्या ढकलायला आणि गिऱ्हाइकं ढकलायला काकाने त्याला ठेवला होता.

मी मुलीकडे पाहिलं. ती गाडीकडे पाहत होती. दोन दारांची, रुंद चाकांची, नुसती उभी असतानाही घाईत असल्यासारखी दिसणारी गाडी. माझी मुलगी अँब्युलन्स चालवते. आठवडाभर दुसऱ्यांच्या जिवासाठी पळते आणि सुट्टीच्या दिवशी तिला स्वतःसाठी पळायचं असतं.

"तू यांना फोन केला होतास?"

"अकराला येतोय एवढंच सांगितलं बाबा. ते म्हणाले, धुऊन ठेवतो."

झालं. मेकॅनिकची मुलगी, आणि वेळ सांगून बसली. जुनी गाडी बघायला जाताना विकणाऱ्याला वेळ सांगायची नाही, हे मी तिला दहा वेळा सांगितलं होतं. वेळ कळली की तो अर्धा तास आधी इंजिन चालू करून ठेवतो, आणि मग माझ्यासारख्याला बोलावून काही उपयोग नसतो. एकेकाळी मी तिथल्या तिथे तिच्या कानाखाली जाळ काढला असता. मी मारकुटा माणूस आहे, ते लपवत नाही. ज्या वर्कशॉपात शिकलो तिथे चुकलं की पाना पाठीत बसायचा, आणि पुढे मीही लोकांना तसंच शिकवलं. आता वय झालंय आणि मुलीचा दंड माझ्यापेक्षा जाड आहे, म्हणून नुसता दात खाऊन गप्प बसलो.

माझं काम काय ते सांगतो. लोक वेगाची जुनी गाडी घ्यायला निघाले की मला सोबत नेतात. या गाड्यांच्या इंजिनात व्हॉल्व्ह केव्हा उघडायचे आणि केव्हा मिटायचे याची वेळ ठरलेली नसते. गाडी सावकाश चालली असेल तर वेगळी वेळ, तुम्ही पाय दाबलात की वेगळी. ती वेळ पुढेमागे करणारा एक गिअर कॅमशाफ्टच्या तोंडाशी असतो आणि तो तेलाच्या दाबावर फिरतो. गाडीची सगळी मस्ती त्या गिअरात आणि गाडीचं मरणही तिथेच. आधीच्या मालकाने तेल वेळेवर बदललं नाही की आतली बारकी खिट्टी झिजते. मग थंड इंजिन सुरू केलं, की तेल वर चढेपर्यंत तो गिअर खडखडतो. दोन सेकंद, फार तर तीन. मग तेल पोचतं, आवाज बंद, आणि पुन्हा इंजिन पूर्ण गार होईपर्यंत तुम्ही काही ऐकत नाही. ऐकता ते थेट हायवेवर, पूर्ण वेगात, त्या गिअरावरची चेन घसरून व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात तेव्हा. पुढे लॉरी असेल तर तेही ऐकायला वेळ मिळत नाही.

ते दोन सेकंद ऐकणं हा माझा धंदा. हाताने गरम लागलेल्या इंजिनाला मी कान देत नाही, म्हणून यार्डांमधून मला गार मास्तर म्हणतात. माझ्याकडे छापील पॅड आहे आणि त्यावरची शेवटची ओळ गाडी विकते किंवा मारते: गार इंजिन, पहिली सुरुवात, आवाज आहे किंवा नाही. खाली माझी सही. या यार्डाच्या दोन गाड्या त्या सहीमुळे नुकत्याच विकल्या न जाता पडून राहिल्या होत्या.

आणि कुणालाच ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे, हा सगळा धंदा मी एका कानावर करत होतो. आठ वर्षांपूर्वी कॉम्प्रेसरची टाकी फुटली तेव्हा माझा डावा कान गेला. बाहेर कळलं असतं तर कुणी मला दारात उभं केलं नसतं. बायकोला तर आठ वर्षं वाटतंय की मी तिचं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं करतो. तो गैरसमज मी मोडला नाही, त्यात माझी सोयच होती.

"तेलसुद्धा आजच ओतलंय," मी डिपस्टिक पुसत म्हणालो. "आणि जाड ओतलंय. जाड तेलात खडखड दबते. काय दाबताय एवढं?"

"ओ मास्तर, गाडी बघायला आलात का भांडायला?"

"बघायला आलोय. गार होऊ दे. तीन वाजता सुरू करू. तोवर बसतो मी इथे."

"इथं बसायला धर्मशाळा नाहीये. घ्यायची तर घ्या, नाहीतर चालू पडा."

मी हात पुन्हा इंजिनाच्या कडेला ठेवला. खरं तर मुद्दामच ठेवला, त्याला चिडवायला. यार्डवाल्याने पुतण्याकडे नुसती मान वळवली आणि पुतण्याने दांडा काढला.

बॉनेट पडलं. मी हात ओढला, पण दोन बोटं राहिली.

माझ्या तोंडातून काय निघालं ते छापण्यासारखं नाही. मुलगी ओरडली, धावली, बॉनेट उचलायला वाकली, आणि पुतण्याने तिला छातीवर हात ठेवून मागे ढकललं. ती शेजारच्या गाडीवर आदळली. बोटं कशी सुटली ते आठवत नाही. डाव्या हातात माझा लोखंडी टॉर्च होता, तो मी त्याच्या तोंडावर मारला. एकदा मारून थांबायला हवं होतं. मी तीनदा मारला. त्याचा ओठ फाटला आणि दात लाल झाले, आणि मला ते आवडलं. साठीला आलेल्या माणसाने असं सांगू नये, पण आवडलं.

मग त्याने मला मारलं. मूठ वळून मारलं असतं तर जबडा गेला असता आणि जबडा जुळतो. त्याने पंजा उघडा ठेवून, खोलगट करून, सगळा खांदा मागे घेऊन माझ्या उजव्या कानावर ठेवून दिला. डोक्यात काहीतरी फट्कन झालं. मी खाली पडलो. पडल्यावर त्याने बरगड्यांत बुटाच्या लाथा घातल्या. मी पोटाशी गुडघे घेतले आणि दोन्ही हातांनी डोकं झाकलं, जसं पंधराव्या वर्षी झाकायचो.

तिसरी की चौथी लाथ आलीच नाही. डोळे उघडून पाहतो तर पुतण्या गुडघा धरून जमिनीवर बसलेला आणि माझी मुलगी त्याच्यासमोर चाकाचा पाना घेऊन उभी. तिने गुडघ्यावर मारलं होतं. दुसरा तडाखा डोक्यात द्यायला तिने पाना वर उचललेला, तेवढ्यात यार्डवाला मध्ये आला. त्याने तिला हात लावला नाही. स्वतःचा कमरेचा पट्टा काढला आणि पुतण्याच्या पाठीवर, मानेवर, जिथे लागेल तिथे सपासप ओढायला लागला. यार्डाच्या फाटकाशी दोन गिऱ्हाइकं उभी राहून हे बघत होती. त्या पट्ट्याचा निम्मा मार त्यांच्यासाठी होता. पण पुतण्याच्या पाठीला तो हिशेब कळत नव्हता. तो गुरासारखा वाकून मार खात होता, आणि त्याला त्याची सवय होती हे मला चांगलं ओळखता आलं.

"बाबा, उठा. दवाखान्यात चला." मुलीचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा येत होता, पण येत होता. कानात घुंऽऽ चालू होतं. बोट लावलं तर रक्त.

"किल्ली घे," मी म्हणालो.

"बाबा, डोकं फिरलंय का तुमचं? कान फुटलाय."

"किल्ली घे त्याच्याकडून. तीन वाजता सुरू करायची."

शहाणा माणूस दवाखान्यात गेला असता. मी का गेलो नाही, ते मला तेव्हा अगदी स्पष्ट होतं. मार खाऊन मी उठून गेलो असतो तर संध्याकाळपर्यंत सगळ्या यार्डांत पोचलं असतं की गार मास्तरला परत पाठवायचं औषध सापडलं. उद्यापासून प्रत्येक दारात मला हेच मिळालं असतं. आणि ही पिवळी गाडी कुणाच्या तरी पोराला विकली गेली असती.

मुलगी यार्डवाल्याकडे वळली. पाना हातातच होता. "मी एक फोन केला ना, तर दहा मिनिटांत इथे माझी अँब्युलन्स येईल आणि मागोमाग पोलिसांची. ठाण्यातले सगळे मला नावाने ओळखतात. नाहीतर आम्ही तीनपर्यंत गप बसतो. तुम्ही ठरवा."

त्याने पट्टा परत कमरेत ओवला. फाटकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. जाड तेलावर त्याचा भरवसा असणार. त्याने किल्ली तिच्या हातावर टाकली आणि माझ्यासाठी स्वतः खुर्ची आणून दिली. असली माणसं मला नेहमीच घाबरवतात, मारणारी तेवढी नाहीत.

आम्ही बसलो. मुलीने बोटांना पट्टी बांधली, कानात कापूस घातला, माझ्या पापण्या वर करून बाहुल्या बघितल्या, सगळं रागाने. ती बॉनेटला टेकून पाना मांडीवर घेऊन बसली. पुतण्या समोर पत्र्याच्या खोलीच्या पायरीवर गुडघ्याला बर्फ लावून आमच्याकडे पाहत होता. ओठावरचं रक्त तो मधूनमधून थुंकायचा, नेमकं माझ्या दिशेला. मी पण डोळे हलवले नाहीत. बरगडी श्वासाबरोबर टोचत होती. मनात मी त्याला तोवर पाच-सहा तऱ्हांनी मारून मोकळा झालो होतो, जॅकवरून गाडी अंगावर पाडण्यापर्यंत.

दीड वाजेपर्यंत घुंऽऽ चालू होतं. मी त्याला शिव्या घालत होतो. हे थांबलं की सगळं ठीक ऐकू येईल असं मी धरून चाललो होतो.

दोनच्या सुमारास ते थांबलं.

मी खुर्चीत सरळ झालो. एक लॉरी फाटकातून उलटी आत येत होती. अशी लॉरी मागे येताना पीं पीं वाजते, माणूस ओरडतो, टायरखाली खडी चुरडते. ती आली, उभी राहिली, ड्रायव्हरने दार आपटलं. माझ्यापर्यंत यातलं काही आलं नाही. मी कापूस काढला. कानाजवळ चुटकी वाजवली. मग परत, जोरात. बोटांची कातडी एकमेकांवर घासल्याचं बोटांना कळत होतं.

मुलगी काहीतरी बोलली. मी मान हलवली. तिने पाण्याची बाटली दिली, म्हणजे पाणी हवं का असं विचारलं असावं. मी बाटली दोन्ही हातांनी धरली. मला एवढी भीती आयुष्यात वाटली नव्हती. लाथा बसताना नव्हती वाटली, टाकी फुटली तेव्हासुद्धा नव्हती वाटली. तेव्हा एक उरला होता.

वाटलं, येईल तीनपर्यंत. माणूस काय वाट्टेल ते धरून बसतो.

तीन वाजता मी उठून इंजिनावर हात ठेवला. गार होतं. मुलीला खूण केली, तशी ती आत बसली. दार उघडं, एक पाय बाहेर, पाना त्या पायाशी. यार्डवाला येऊन उभा राहिला. मी बॉनेटखाली वाकलो, उजवा कान चेनच्या बाजूला नेला, डोळे मिटले. चाळीस वर्षं असाच वाकलोय.

"कर," मी म्हणालो. माझाच आवाज मला नुसता घशात कळला.

काहीच झालं नाही. तिने चावी फिरवली नाही असं वाटून मी डोळे उघडले, तर पंख्याचा पट्टा फिरत होता. पंखा फिरत होता. सगळं इंजिन माझ्या नाकासमोर जिवंत होऊन हलत होतं आणि ते दोन सेकंद येऊन गेले होते.

यार्डवाल्याच्या तोंडाकडे पाहिलं. ते बंद होतं, फार घट्ट बंद होतं. मुलगी बाहेर आली. मी तिच्या ओठांवर नजर ठेवली. तिने इंजिन बंद केलं होतं की नाही ते मला माहीत नव्हतं.

"काहीतरी वाजलं ना, बाबा?" ती म्हणत होती. सावकाश बोलते ती, म्हणून ओठांवरून कळलं. "खडखड... का पंखा होता? मला वाटलं काहीतरी. तुम्ही सांगा."

यार्डवाल्याने माझ्या खिशातल्या पॅडकडे बोट दाखवलं. लिहा, असं.

मी पॅड गाडीच्या छपरावर ठेवलं. आता खरं सांगतो. 'आवाज आहे' हे दोन शब्द लिहायला मला कुणीच अडवलं नसतं. ते खरेही असणार होते. गरम करून ठेवलेलं इंजिन, सकाळी ओतलेलं जाड तेल, त्याचं ते घट्ट तोंड. माझी बोटं ठेचलेली, बरगडी मोडलेली. दोन शब्दांनी ही गाडी त्याच्या यार्डात गंजली असती, आणि मी उद्या परत गार मास्तर. मुलगी शेजारी येऊन उभी होती. तिनेही बोट त्याच ओळीवर ठेवलं. लिहा ना, आहे म्हणून. तिचे ओठ मला आता चांगले वाचता येत होते.

"तुला वाटलं," मी म्हणालो. "वाटलं म्हणून लिहीत नाहीत."

बहुतेक मी फार मोठ्याने बोललो, कारण लॉरीवाल्यानेही वळून पाहिलं.

मी वरच्या ओळी भरल्या. अकरा वाजता इंजिन गरम. तेल नवं, जाड. हे डोळ्यांनी आणि हाताने पाहिलेलं होतं. ठेचलेल्या बोटांनी अक्षर वाकडं येत होतं. शेवटच्या ओळीत आहे आणि नाही, दोन्ही खोडलं आणि पुढे लिहिलं: तपासणाऱ्याला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. यापुढे ही सही धरू नये. आणि खाली तीच सही केली.

यार्डवाल्याने कागद घेतला. त्याने वाचला आणि मग परत वाचला. त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याने कागद पुतण्याकडे दिला, पुतण्याने वाचला, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा माझ्यावरून डोळे काढून खाली पाहिलं.

मुलीने शेवटी वाचला. तिने माझ्या डाव्या कानाकडे बोट केलं.

"तो आधीच गेलाय," मी म्हणालो. "आठ वर्षं झाली. आईला सांगू नकोस, तिला आत्ता कुठे माझी सवय झालीय."

ती हसली नाही. तिने वाकून पाना उचलला, पिवळ्या गाडीच्या समोर गेली आणि दोन्ही हातांनी पुढच्या काचेवर हाणला. काच पांढरी झाली. तिने परत हाणला. तिचं तोंड उघडं होतं, गळ्याच्या शिरा वर आल्या होत्या, म्हणजे ती ओरडत होती. पुतण्या उठायला गेला तर काकाने त्याच्या गळपट्टीला धरून खाली बसवलं. तिसऱ्या तडाख्याला काच आत कोसळली आणि सीटभर पसरली. फाटकातली माणसं कानांवर हात ठेवून उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा मी काच फुटताना नुसती पाहिली.

तिने पाना तिथेच टाकला, माझ्या दंडाला धरलं आणि मला तिच्या जुन्या गाडीत बसवलं. पट्टा लावला, जसा ती रोज परक्या माणसांना लावते.

माझी मुलगी अँब्युलन्समध्ये लाल दिव्याला थांबत नाही. दवाखान्यापर्यंतच्या त्या रस्त्यावर तिने तीन वेळा गाडी कडेला घेतली. काही बोलायचं असलं की थांबायची, हँडब्रेक ओढायची, पूर्ण माझ्याकडे वळायची आणि मग सावकाश विचारायची, दुखतंय का.